दोष कोणाच्या पदरी?

मूल होत नाही म्हणजे दोष सुनेतच असला पाहिजे, हा निवाडा देताना आपल्या समाजाने पुराव्याची वाट कधी पाहिली नाही. नवस, उपास, गंडेदोरे, वैद्य आणि अखेरीस सवत अशी ती वाट होती आणि ती एकट्या स्त्रीनेच चालावयाची होती. द्विभार्याप्रतिबंधक कायद्यांनी सवतीचा मार्ग बंद केला, शिक्षण वाढले, शहरे वाढली. पण तपासणीच्या टेबलावर प्रथम कोणी जावयाचे, याविषयीचा संकेत मात्र फारसा बदलला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के लोकांना, म्हणजे साधारणपणे सहांतील एकाला, आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, उपस्थित असते. वैद्यकाला हे पुष्कळ दिवसांपासून ठाऊक आहे. घराघरांत मात्र ते अद्याप पोचावयाचे आहे.

गेल्या काही दशकांत जीवशास्त्राने या प्रश्नावर जो नवा प्रकाश टाकला आहे, तो केवळ प्रयोगशाळेपुरता महत्त्वाचा नाही. शुक्रजंतू आणि स्त्रीबीज यांची गाठ नेमकी कशी पडते, त्यांच्या पृष्ठभागांवरील कोणते रेणू एकमेकांना ओळखतात आणि ही ओळख पटली नाही तर काय होते, याची उत्तरे आता बऱ्याच अंशी हाती आली आहेत. त्या उत्तरांचा अर्थ समाजाने आणि शासनाने समजून घेतला, तर वंध्यत्वाकडे पाहण्याची आणि त्यावर पैसा खर्च करण्याची रीत बदलावी लागेल. प्रश्न जितका शास्त्राचा आहे तितकाच तो न्यायाचा आणि अर्थकारणाचाही आहे.

गणती आणि ओळख

लेव्हेनहूकने १६७७ मध्ये आपल्या सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतू पाहिले. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज फोन बेअरला सापडावयास १८२७ साल उजाडले. शुक्रजंतू बीजात शिरून दोघांची केंद्रके एकत्र येतात, हे ऑस्कर हर्टविगने समुद्री अर्चिन या प्राण्यात १८७६ मध्ये दाखविले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील फ्रँक लिली याने त्याच प्राण्यावर प्रयोग करून अशी कल्पना मांडली की, बीज आणि शुक्रजंतू यांच्यात कुलूप-किल्लीसारखे रासायनिक नाते असावे. कल्पना योग्य दिशेची होती. परंतु ते कुलूप कोणते आणि किल्ली कोणती, हे कळावयास पुढे सुमारे शंभर वर्षे लागली.

मधल्या काळात आणखी एक महत्त्वाचा शोध लागला. एम. सी. चँग आणि सी. आर. ऑस्टिन यांनी १९५१ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे दाखविले की ताजा शुक्रजंतू बीजाचे फलन करण्यास असमर्थ असतो. स्त्रीच्या जननमार्गात काही काळ घालविल्यावर त्याच्या पृष्ठभागात फरक पडतात आणि मगच तो कार्यक्षम होतो. पुरुषाचे बीज आपल्या बळावर मुलूख जिंकते, या जुन्या समजुतीला हा पहिला धक्का होता. कोट्यवधींनी निघालेल्या शुक्रजंतूंपैकी काही शेच बीजाच्या आसपास पोचतात, आणि पोचलेल्यांनाही पुढे दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली बीजाभोवतीच्या पारदर्शक कवचाची. या कवचाला झोना पेल्युसिडा म्हणतात. दुसरी परीक्षा खुद्द बीजाच्या पटलाची.

या दुसऱ्या परीक्षेतील किल्लीचा शोध ही विज्ञानातील संयमाची एक उत्तम कथा आहे. १९९० च्या दशकात फर्टिलिन नावाच्या प्रथिनाकडे सर्वांचे डोळे लागले होते. प्रयोगनळीतील पुरावा त्याच्या बाजूने होता. परंतु हे प्रथिन ज्यांच्यात नाही असे उंदीर तयार केल्यावर आढळले की, त्यांच्या शुक्रजंतूंना कवचाला चिकटण्यात अडचण येते. पण पटलाशी होणारे मीलन काही पूर्णपणे थांबत नाही. उमेदवार चुकीचा ठरला. अखेर जपानमधील ओसाका विद्यापीठात मासारू ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००५ मध्ये खरी किल्ली सापडली. विवाहदेवतेचे स्थान मानल्या जाणाऱ्या एका जपानी देवालयावरून त्यांनी तिचे नाव इझुमो ठेवले. तिची जोडीदार, म्हणजे बीजावरील रिसेप्टर, सापडावयास आणखी ९ वर्षे गेली. इंग्लंडमधील सँगर संस्थेत एन्रिका बियांकी, गॅव्हिन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०१४ मध्ये शोधली आणि विवाहाच्या रोमन देवतेवरून तिला जुनो हे नाव दिले. या दोघांची पकड इतकी सैल आणि क्षणिक असते की नेहमीच्या पद्धतींना ती दिसतच नव्हती. एका शुक्रजंतूशी मीलन झाले की बीज तासाभराच्या आतच आपल्या पृष्ठभागावरील जुनो झटकून टाकते आणि दुसऱ्याला दार बंद करते.

किल्लीही एकटी नसते, हे त्यानंतर उघड झाले. व्हिएन्ना येथील आंद्रेआ पाउली यांच्या गटाने इतर देशांतील सहकाऱ्यांसह २०२४ मध्ये असे दाखविले की, शुक्रजंतूवर इझुमोच्या जोडीला आणखी दोन प्रथिने असून तिघे मिळून एक संच बनतो. माशांपासून सस्तन प्राण्यांपर्यंत हा संच टिकून राहिला आहे. प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या संगणकप्रणालीची या कामी मोठी मदत झाली.

अहवालात न दिसणारा दोष

आता या साऱ्याचा वंध्यत्वाशी संबंध कोठे येतो, ते पाहावे. ओसाकाच्या प्रयोगातील सर्वांत बोलका भाग असा की, इझुमो नसलेले नर उंदीर धडधाकट होते. त्यांचे शुक्रजंतू दिसावयास नेटके होते, पोहत होते, कवच भेदून आतही शिरत होते. फक्त बीजाशी एकरूप होत नव्हते. असा दोष माणसात असता तर नेहमीच्या वीर्यतपासणीत त्याचा मागमूसही लागला नसता. कारण ही तपासणी प्रामुख्याने तीन गोष्टी पाहते : संख्या, हालचाल आणि आकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख ही संख्येची खालची संदर्भमर्यादा दिलेली आहे. परंतु संख्या पुरेशी आहे याचा अर्थ क्षमता पुरेशी आहे असा होत नाही. शिरगणतीत माणसे मोजली जातात. त्यांतील किती जणांना काम येते, हे शिरगणती सांगत नाही.

हे केवळ उंदरांपुरते खरे आहे, असेही नाही. शुक्रजंतूच्या शेपटीच्या पटलावर कॅटस्पर नावाचे कॅल्शियमचे एक द्वार असते. ते २००१ मध्ये अमेरिकेत सापडले. माणसात हे द्वार बीजाभोवतीच्या पेशींतून येणाऱ्या प्रोजेस्टेरोनच्या स्पर्शाने उघडते, असे २०११ मध्ये अमेरिका आणि जर्मनी येथील दोन गटांनी दाखविले. ते उघडले म्हणजे शेपटी जोरकस फटके मारू लागते आणि कवच भेदता येते. या द्वाराच्या एका जनुकातील बिघाडामुळे पुरुषांना वंध्यत्व येते, हे इराणमधील काही कुटुंबांच्या अभ्यासातून २००९ मध्ये पुढे आले होते. पुढे २०२४ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर येथील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, असा बिघाड असलेल्या काही पुरुषांचे वीर्यतपासणीचे आकडे अगदी सर्वसाधारण असतात. नैसर्गिक गर्भधारणा, गर्भाशयात वीर्य सोडण्याचा उपचार आणि प्रयोगनळीतील साधे फलन हे तीनही मार्ग त्यांच्या बाबतीत निष्फळ ठरतात. हा दोष ओळखणारी सोपी प्रयोगशालेय चाचणीही त्यांनी पुढे ठेवली.

अशा पुरुषाच्या हातात "सर्व काही ठीक" असा अहवाल पडला म्हणजे त्याच्या घरात काय घडत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. नवरा निर्दोष ठरला, म्हणजे दोषी कोण याचा निकाल आपोआपच लागतो. मग पत्नीच्या तपासण्या, दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया, संप्रेरकांची इंजेक्शने आणि सोबतीला टोमणे. वैद्यक ज्याला "कारण न सापडलेले वंध्यत्व" म्हणते, त्याचे घरगुती भाषांतर "हिच्यातच काहीतरी आहे" असे होते. अर्थात याचा अर्थ सारा दोष आता पुरुषाच्या पदरात टाकावा असाही नव्हे. बीजाच्या कवचातील एका प्रथिनाच्या बिघाडामुळे एका कुटुंबातील स्त्रियांना वंध्यत्व आल्याचे २०१४ मध्ये सिद्ध झाले आहे. दोन पृष्ठभागांची ओळख पटते की नाही, हा प्रश्न मुळातच दोघांचा आहे आणि म्हणून तपासही दोघांचाच व्हावयास हवा, इतकाच त्याचा अर्थ.

आडवाटेचे अर्थकारण

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. ब्रुसेल्स येथे १९९२ मध्ये एका शुक्रजंतूला सुईने थेट बीजाच्या आत सोडण्याचे तंत्र यशस्वी झाले. त्याला इक्सी म्हणतात. या तंत्राने कवच, पटल, कुलूप आणि किल्ली या साऱ्यांना बगल दिली. इझुमो नसलेल्या उंदरांचे शुक्रजंतूही अशा रीतीने बीजात सोडल्यावर पिले जन्मास आली. कॅटस्परचा दोष असलेल्या पुरुषांनाही याच मार्गाने अपत्यप्राप्ती होऊ शकते. मग दोष नेमका कोठे आहे याची उठाठेव कशाला? सरळ इक्सी करावे आणि मोकळे व्हावे!

इक्सीने असंख्य घरांत पाळणा हलविला आहे, हे निर्विवाद आहे. परंतु हा युक्तिवाद खर्चाची एकच बाजू पाहतो. इक्सीसाठी स्त्रीला कित्येक दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, भूल देऊन तिच्या अंडाशयातून बीजे काढावी लागतात, आणि एवढे करून पहिल्याच फेरीत यश येईल याची हमी नसते. दोष पुरुषाच्या पेशीत असला तरी उपचार स्त्रीच्या शरीरावर होतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, म्हणजे एकाच्या व्यवहाराचा दुसऱ्याने सोसलेला भार, त्याचे याहून उघड उदाहरण सापडणे कठीण. कॅटस्परचा दोष आरंभीच कळला, तर निष्फळ ठरणाऱ्या उपचारांच्या फेऱ्या तरी वाचतील. पैसा वाचेल, आणि पैशाहून दुर्मीळ असलेली वर्षे वाचतील. कारण स्त्रीच्या वाढत्या वयाबरोबर यशाची शक्यता घटत जाते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर आडवाट सोपी झाली की तिचा अतिरेकही होतो. व्हिएतनाममधील हो चि मिन्ह शहरात १,०६४ जोडप्यांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पुरुषाचे शुक्रजंतू संख्येने आणि हालचालीने सर्वसाधारण असतील तर साध्या प्रयोगनळी-फलनापेक्षा इक्सीने जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण लक्षणीय वाढत नाही, असे दिसून आले. तरीही जगभर अशा जोडप्यांना इक्सी सुचविले जाते. यात कोणा एका डॉक्टरची लबाडी शोधण्याचे कारण नाही. ज्या बाजारात निदानाला थोडे पैसे मिळतात आणि प्रक्रियेला पुष्कळ, त्या बाजारात निदान मागे पडते आणि प्रक्रिया पुढे सरकते, हा साधा नियम आहे. आपण काय विकत घेत आहोत हे ग्राहकाला पुरते ठाऊक नसते, विक्रेत्याला बरेच अधिक ठाऊक असते, आणि ग्राहक आशेने व्याकूळ झालेला असतो. अशा व्यवहाराला मुक्त बाजार म्हणणे हे शब्दांशी खेळणे होय.

निदानाच्या नावाखाली नवा बाजार उभा राहण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. त्याचा एक पूर्वानुभव आहे. र्‍युझो यानागिमाची यांनी १९७६ मध्ये दाखविले की, कवच काढलेल्या हॅमस्टरच्या बीजात माणसाचा शुक्रजंतू शिरू शकतो. त्यावर आधारलेली चाचणी काही वर्षे बरीच चालली. पुढे तिचे निष्कर्ष भरवशाचे नाहीत असे दिसून आले आणि ती नित्याच्या वापरातून गेली. हॅमस्टरचा जुनो माणसाच्या इझुमोला धरू शकतो, हे या चाचणीमागील रहस्य २०१५ मध्ये उलगडले. चाचणी आधी आली आणि तिचा अर्थ ३९ वर्षांनी कळला! म्हणून आज कोणी इझुमोची वा अन्य प्रथिनांची महागडी तपासणी विकू लागला, तर सावध राहावयास हवे. जी चाचणी उपचाराचा निर्णय बदलते तीच करावी. उरलेल्या चाचण्या संशोधनाच्या खर्चाने व्हाव्यात, रुग्णाच्या नव्हेत.

शासनाने करावयाचे काम

असे ज्ञान बाजार आपण होऊन निर्माण करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ओसाका येथे ज्या प्रतिपिंडाच्या आधारे इझुमो सापडले, ते प्रतिपिंड १९८० च्या दशकापासून हाताशी होते. एवढा काळ नफ्याविना थांबण्याची तयारी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या आणि विश्वस्त वृत्तीने चालविलेल्या संस्थाच दाखवू शकतात. आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. कोलकत्यात सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नातून १९७८ मध्ये बालिका जन्मली. तिचे श्रेय मात्र त्यांना हयातीत मिळाले नाही. शास्त्रीय दृष्ट्या रीतसर नोंदलेले देशातील पहिले प्रयोगनळी-अपत्य ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत, महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मले. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे परिश्रम होते. एक रुग्णालय पालिकेचे, दुसरी संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. पाया सार्वजनिक पैशाने घातला गेला. त्यावरचे मजले पुढे बहुतांशी खाजगी चढले.

शासनाने या क्षेत्राकडे पाहिलेच नाही, असे म्हणता येणार नाही. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा कायदा २०२१ मध्ये झाला. केंद्रांची नोंदणी आणि राष्ट्रीय नोंदवही यांची तरतूद त्यात आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये विनामूल्य उपचाराचे केंद्रही निघाले. ही पावले स्तुत्य आहेत. तथापि नोंदवहीचा खरा उपयोग तेव्हाच होईल, जेव्हा तीतून तीन गोष्टी लोकांसमोर येतील : उपचारापूर्वी किती पुरुषांची पूर्ण तपासणी झाली, इक्सी कोणत्या कारणासाठी केले गेले आणि त्यातून किती जिवंत अपत्ये जन्मली. या आकड्यांवाचून नियमन म्हणजे हिशेबाच्या वह्या न पाहता केलेली लेखातपासणी होय.

यापुढे सार्वजनिक रुग्णालयांत वंध्यत्वाच्या तक्रारीवर पती आणि पत्नी यांची तपासणी एकाच दिवशी सुरू करण्याचा दंडक घालावा. वीर्यतपासणी स्वस्त आणि वेदनारहित आहे. तिच्याआधी स्त्रीवर शस्त्रक्रिया करण्याचे समर्थन अपवादानेच होऊ शकेल. अहवाल सर्वसाधारण आला तरी त्याचा अर्थ "पुरुष निर्दोष" असा नसून "या तपासणीत दोष आढळला नाही" एवढाच आहे, हे जोडप्याला समजेल अशा भाषेत लिहून द्यावे. आणि शुक्रजंतूच्या कार्यक्षमतेवरील संशोधनाला प्रजनन संशोधन संस्थांच्या अंदाजपत्रकात निश्चित वाटा मिळावा.

या संशोधनाचे दुसरेही एक फळ आहे. जे कुलूप उघडत नाही म्हणून वंध्यत्व येते, तेच कुलूप हवे तेव्हा तात्पुरते बंद करता आले तर संप्रेरकांवाचून संततिनियमन साधेल. गिनीपिगवर पी. एच. २० या शुक्रजंतूच्या प्रथिनाची लस १९८८ मध्ये यशस्वी झाली होती. माणसापर्यंत मात्र हा मार्ग अजून पोचलेला नाही. आपल्या देशात त्याची निकड किती आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीवरून दिसते. विवाहित जोडप्यांत स्त्रीनसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषनसबंदीचे ०.३ टक्का! आणीबाणीतील सक्तीने पुरुषनसबंदीविषयी जी धास्ती निर्माण केली तिचा या आकड्यात वाटा आहे. परंतु ती धास्ती सरून बराच काळ लोटल्यावरही भार एकाच खांद्यावर राहिला आहे. मूल नको असेल तर शस्त्रक्रिया तिची, मूल हवे असेल तरी शस्त्रक्रिया तिचीच, हा हिशेब कोणत्याही न्यायाला धरून नाही.

विज्ञान समाजाचे पूर्वग्रह आपोआप दूर करीत नाही. इझुमो आणि जुनो ही नावे पाठ्यपुस्तकांत जातील, परीक्षेत त्यांवर प्रश्नही विचारले जातील, आणि तरीही एखाद्या घरात सुनेला वांझ म्हटले जाईल. कायद्याने तोंडे बंद करता येत नाहीत. पण रुग्णालयाचा दंडक, नोंदवहीतील रकाना आणि अंदाजपत्रकातील तरतूद या शासनाच्या हातातील गोष्टी आहेत. दोष कोणाच्या पदरी टाकावयाचा, हे ठरविण्यापूर्वी दोघांना तपासले पाहिजे, एवढे तरी या तीन साधनांनी साधता येईल. ते साधले, तर एका प्रथिनाचा शोध खऱ्या अर्थाने माणसांपर्यंत पोचला असे म्हणता येईल.